कठड्यापासून पाणी

“पाणी, तू ठेंगणी झालीस की काय गं?” पक्षी म्हणाला आणि बैठकीच्या खोलीतले सगळे हसले. तीही हसली. सकाळपासून तेच सादरीकरण तिसऱ्यांदा चाललं होतं, खिडक्यांचे पडदे ओढलेले, हवा कोंदट, आणि भिंतीवर तिचेच दोन फोटो शेजारी शेजारी. दोन्हींत तीच विहीर, तीच ती, तेच सपाट बूट. डावीकडच्या फोटोत विहिरीचा कठडा तिच्या गुडघ्याच्या जरासा वर, उजवीकडच्यात तो थेट कमरेशी. “दुकानाच्या काउंटरशी पोरगं उभं केल्यासारखी दिसतेस,” पक्षी म्हणाला. संस्थेत माणसांना नावानं हाक मारायची रीतच नव्हती. ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव: माती, हवा, पक्षी. कचऱ्यानं एकदा तक्रार केली होती बिचाऱ्यानं, पण तोवर ते नाव त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोचलं होतं. ती पाणी. जमिनीखालचं पाणी किती आहे, किती उपसावं, कुणी थांबावं, हे शहराला सांगायचं तिचं काम. आज दुपारी शहराच्या जलसमितीपुढे ती सांगणार होती, की धुलाई गल्लीतल्या विहिरींचं पाणी एका वर्षात हातभर खाली गेलंय, तेव्हा त्या विहिरींवर झाकणं घालून त्या बंद कराव्यात, जमिनीला जरा दम खाऊ द्यावा. शिफारस तिची, आकडे तिचे, आणि शेवटच्या पानावर सहीही तिचीच लागणार होती, कारण पाण्याच्या माणसाची सही असल्याशिवाय झाकण बसत नाही, असा समितीचाच नियम होता. पुढचा फोटो आला, हसणं संपलं. ती मात्र अजून तोंड हसरं ठेवून अंधारात बसली होती आणि ते मिटायचं कसं हे तिला सुचत नव्हतं.

बाहेर येऊन तिनं बेसिनचा नळ सोडला आणि उगाचच हात धूत राहिली. नळावर “प्रत्येक थेंब मोलाचा” असा कागद चिकटवलेला, संस्थेनंच छापलेला. तो अर्धा भिजून लोंबत होता आणि कधीपासून कुणी तो बदलत नव्हतं. बेसिनची कड तिच्या कमरेला लागली. थंड, ओली, घट्ट. ही अशीच कड परवा विहिरीवर लागली होती, वाकून पाहिलं तेव्हा. आणि त्याआधी? त्याआधी ती तिथे बसली होती. वाकली नव्हती, बसली होती! गेल्या वर्षी अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात ती धुलाई गल्लीत गेली तेव्हा सगळ्या बायका कठड्यावर बसलेल्या होत्या, पाय हलवत, पिळलेल्या चादरी मांडीवर घेऊन, आणि त्यांच्यातली एक, जिला सगळी गल्ली मावशी म्हणायची, सरकून म्हणाली होती, “बसा की बाई, पाण्याचा अभ्यास उभ्यानं करायचा असतो का?” मग ती बसली होती. कठड्याचा दगड मांडीखाली ओलसर गार लागला होता आणि खालून, अगदी खालून, साबणाचा आणि शेवाळ्याचा एकत्र वास येत होता. तिला पाठीमागं काहीच नसल्यासारखं वाटलं होतं आणि भीती वाटली होती. ती भीतीच तिनं अहवालात लिहिली. विहिरींचे कठडे धोकादायक बुटके आहेत, गल्लीतलं घाण पाणी आत जातं, कठडे हातभर उंच करावेत. शहरानं, जे कधी कुणाचं काही ऐकत नाही त्या शहरानं, नेमकी ही एकच शिफारस ऐकली. गवंडी आले, कठडे हातभर उंच झाले. मग दुसऱ्या टप्प्यात मोजणीवाली एजन्सी आली, आणि त्यांनी कठड्याच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत फीत सोडली, कारण पहिल्या टप्प्यात तिनंही फीत वरच्या कडेपासूनच सोडली होती आणि तसंच मोजा असं तिनंच त्यांना बजावलं होतं. पाणी हातभर खाली भरलं. भरणारच की! नळ तसाच वाहत होता, तो तिनं फार वेळानं बंद केला.

तिला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की कुणावर काढावा कळेना. एखाद्या विहिरीत चूक झाली असती तर निदान शंका आली असती. इथं सगळ्या विहिरी अगदी सारख्याच खाली गेल्या, बोटाचाही फरक नाही, आणि ह्या सारखेपणावर तर ती भाळली होती. वेगवेगळ्या खोलीच्या, वेगवेगळ्या वापराच्या विहिरी एकसारख्या उतरतात म्हणजे खाली त्या सगळ्यांचा साठा एकच आहे, असा निष्कर्ष तिनं काढला होता. त्याला “एकसंध घसरण” असं भारदस्त नाव दिलं होतं, त्यावर परगावच्या परिषदेत भाषण केलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. एका म्हाताऱ्या तज्ज्ञानं तिचा हात दोन्ही हातांत धरून, इतकी स्वच्छ आकडेवारी मी आयुष्यात पाहिली नाही, असं म्हटलं होतं. स्वच्छ नसेल तर काय, गवंड्यानं ओळंबा लावून बांधलेली होती ती! आणि एक विहीर होती की. गल्लीच्या टोकाला, इस्त्रीच्या दुकानाला चिकटून, तिथं गवंड्याला हात घालायलाच जागा नव्हती म्हणून तिचा कठडा तसाच राहिला होता. त्या विहिरीचं पाणी जवळजवळ हललंच नव्हतं. तिनं ती विहीर अपवाद म्हणून गाळून टाकली. नुसती गाळली नाही, तर एजन्सीच्या माणसाला फोन करून झापलं होतं, की एक विहीरसुद्धा तुम्हाला धड मोजता येत नाही का. तो बिचारा सॉरी म्हणाला होता. खरं सांगत असलेली ती एकच विहीर, आणि तिच्यासाठी एकजण माफी मागून मोकळा झाला होता. आरशात तिचा चेहरा लाल दिसत होता आणि कपाळावर पाण्याचे शिंतोडे. मागून माती आली, “काय गं, बरं नाही का?” म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

ठेंगणी झालीस की काय. हे वाक्य तिला घरचं वाटलं होतं, ते का, हे तिला जिन्यात आठवलं. हे तर ती आईला म्हणाली होती. गेल्या वर्षी भावानं आईच्या घरचं स्वयंपाकघर नवं करून दिलं, फरशा, ओटा, रंग, सगळं, आणि स्वतःवर खूश होऊन तो आपल्या घरी गेला. आई आणि ती दोघीच राहायच्या तिथं. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, फळी वर गेलीय. साखरेचा डबा ठेवायची फळी, आयुष्यभर जिच्याकडे न बघता तिचा हात जायचा, तिथं आता हात पुरत नव्हता. ती हसून म्हणाली होती, “फळी कशी वर जाईल आई? तूच खाली आलीयेस.” भाऊही फोनवर तेच म्हणाला. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी हाडांचा फोटो काढला, ह्या वयात उंची कमी होतेच म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. सगळं कसं जुळून आलं. आई मात्र आठवडाभर एकच धोसरा लावून बसली, फळी वर गेलीय, अगं फळी वर गेलीय, आणि शेवटी स्टुलावर चढली आणि पडली. फार लागलं नाही, पण मग भावानं ठरवलं आणि तिनं मान डोलावली, की आईनं आता स्वयंपाकघरात जायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. स्वयंपाकाला बाई ठेवली. आईला हे समजावून सांगायचं काम तिच्याकडे आलं, आणि ते तिनं अगदी ज्या आवाजात वस्त्यावस्त्यांतल्या सभांत बोलते त्या आवाजात केलं: हे तुझ्याच भल्यासाठी आहे, थोडे दिवस त्रास वाटेल, मग सवय होईल. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, “बरं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल.” आता जिन्यात उभ्या उभ्या तिला त्या “बरं”चा आवाज आला. हेच शब्द, अगदी हेच, दुसऱ्या टप्प्याचे आकडे ऐकून मावशीनंही म्हटले होते.

सर म्हणजे संस्थेचे संचालक. त्यांच्याशी भांडता यायचं नाही, कारण आपण तोंड उघडायच्या आधीच ते आपल्या बाजूला येऊन बसलेले असायचे. तिनं दार लावून सगळं सांगितलं. कठडे, फीत, गाळलेली विहीर. बोलताना हातानं कठड्याची उंची दाखवत होती, आधी एवढा, मग एवढा, आणि सर तिच्या हाताकडे मान हलवत बघत होते. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “अगदी बरोबर. पण मला सांग, पाणी सगळीकडे खाली जातंय का नाही?” जातंय, ती म्हणाली. “मग इथंही गेलंच असेल.” गेलं असेल, नसेल, आपल्याला माहीतच नाही सर, हेच तर सांगतेय, आपण पाणी मोजलंच नाही, आपण कठडा मोजला. “बरोबर. पण दिशा तर चुकली नाही ना आपली? पाणी वाचवा, हेच सांगतोय आपण. पाणी वाचवा सांगून कुणाचं वाईट झालंय?” तिनं कपाळावर हात मारून घेतला, खरोखरचा, फट्कन आवाज आला. धुलाई गल्लीचं वाईट झालंय सर! आपण सांगितलं म्हणून त्यांनी निम्मं काम सोडलं. हॉस्पिटलांच्या चादरी दुसरीकडे गेल्या. पोरं बाहेर कामाला लागली. “त्याचं मलाही वाईट वाटतं,” सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा खरंच पडला. तेच तर त्यांचं कसब होतं. “तू असं कर, दुपारी सांग समितीला. प्रामाणिकपणे सांग. मी तुझ्या मागे उभा आहे.” ती दाराबाहेर आली तेव्हा तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला भिंतीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं.

समितीच्या दालनात प्रत्येकापुढे पाण्याची बाटली होती आणि बहुतेकांनी तिचं सील तोडून एकच घोट घेतला होता. ती उभी राहिली, फोटो दाखवले, पण सादरीकरणात ठरलं होतं ते बोललीच नाही. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, मी ठेंगणी झालेले नाही, कठडा वर गेलाय. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग शहराच्या अभियंत्याला कळलं आणि तो खुर्चीत रेलून हसायला लागला. “कठडे उंच करा कुणी सांगितलं होतं?” आम्हीच, ती म्हणाली. त्यावर सगळेच हसले, अध्यक्षबाईसुद्धा. चांगल्या बाई होत्या त्या, डोळे पुसत म्हणाल्या, “तुमचं कौतुक वाटतं हो. चूक कबूल करायला आजकाल येतं कोण?” तिला वाटलं, चला, संपलं, सुटलो. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, म्हणजे पाणी खाली गेलं की नाही ते आता आपल्याला ठाऊक नाही, बरोबर ना? बरोबर. म्हणजे गेलेलंही असू शकेल? असू शकेल. “मग जोखीम कशाला? नीट अभ्यास होईस्तोवर विहिरी बंदच करून ठेवा. खबरदारी म्हणून.” सगळ्यांच्या माना हलल्या. अभ्यास कोण करणार, असं कुणीतरी विचारलं, आणि तिच्या मागे उभे असलेले सर खरोखरच पुढे झाले. म्हणाले, विहिरी, कठडे, गल्लीचा उतार, सगळंच नव्यानं हाताळावं लागेल, तीन वर्षांचा प्रकल्प लागेल. ती बोलायला गेली, की अहो तीन वर्षं कशाला, एक फीत आणि एक सकाळ पुरे, मागचे आकडे आहेत, त्यातून हातभर वजा करायचं, संपलं. पण तोवर अभियंता पुढच्या विषयाचा कागद शोधत होता. बाहेर आल्यावर सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पाणी, तू तर संस्थेला अजून तीन वर्षं मिळवून दिलीस. सुधारलेल्या कागदावर उद्या सकाळी तेवढी सही कर. झाकणवाले उद्याच येतायत.” आणि पक्षी मागून म्हणाला, “बघ, माझ्यामुळं झालं. मलाही घे त्यात. विहिरीवर कबुतरं असतात.” त्याला वाटलं ती हसेल.

ती घरी गेली नाही, धुलाई गल्लीत गेली. ऊन उतरलं होतं. दोऱ्यांवर पूर्वी पांढऱ्या चादरींची रांगच्या रांग असायची, माणसाला वाट काढत जावं लागायचं, ओलं कापड गालाला चाटून जायचं. आता दोऱ्या बहुतेक मोकळ्या होत्या आणि गल्ली तिच्या आठवणीपेक्षा रुंद वाटत होती. विहिरींशेजारी लोखंडी झाकणं येऊन पडली होती, पालथी, त्यांच्यावर एक मांजर निवांत झोपलेलं. मावशी पोहरा ओढत होती. तिनं दोर बघितला. जुना काथ्याचा दोर, आणि त्याच्या टोकाला जोडलेला चादरीच्या काठाचा पिळलेला तुकडा, हातभर लांबीचा. “हा कधी जोडलात मावशी?” मावशी म्हणाली, “कठडे झाले तेव्हाच की. पाणी खाली गेलं ना. दोर पुरेना. तुम्ही नंतर येऊन सांगितलंत, पण आमच्या ध्यानात आधीच आलं होतं.” ह्याचं मावशीला थोडं कौतुकही वाटत होतं, आपल्याला आधी कळल्याचं. मग तिनं मावशीला सगळं सांगितलं. दिवसभर आरशापुढे, सरांपुढे, समितीपुढे सांगितलं तेव्हा सोपं होतं ते. इथं प्रत्येक शब्द तोंडात अडकत होता. मावशी पोहरा धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं दोर कप्पीला अडकवला, गाठीकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं, कठड्यावर जिथं जुना काळा दगड संपून नवा गुळगुळीत गिलावा सुरू होत होता तिथं हात ठेवला. “म्हणजे पाणी होतंच,” ती म्हणाली. बहुतेक होतंच. “बहुतेक?” मावशीनं तिच्याकडे रोखून बघितलं. “बाई, रागावू नका. पण हे तरी नीट मोजलंयत ना?” तिच्या पिशवीत फीत होती, कायमच असते, ती तिनं बाहेर काढली आणि नव्या गिलाव्याची उंची मोजली आणि मग ओणवी होऊन, पोट कठड्यावर दाबून, खाली पाण्यापर्यंत फीत सोडली. खालून तोच वास आला. गिलाव्याची उंची वजा केल्यावर आकडा जुन्या आकड्याला भिडला, अगदी भिडला नाही, दोनेक बोटं राहिली. तेवढं तर कुठल्याही वर्षी कमीजास्त होतं. तिनं ते मावशीला दाखवलं, दोन बोटं धरून. मावशी म्हणाली, “दोन बोटांसाठी माझा धाकटा तिकडं मशीनच्या लाँड्रीत रात्रपाळी करतोय. त्याला काय सांगू? ये म्हणू परत?” तिला ये म्हणा म्हणता येईना. अजून अभ्यास व्हायचाय, ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाची तिला किळस आली. किती दिवस, मावशीनं विचारलं. तीन वर्षं. मावशी हसायला लागली. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि हसता हसता सवयीनं मागं सरकून कठड्यावर बसायला गेली. कठडा तिच्या पाठीला लागला. ती तशीच टेकून उभी राहिली आणि तिचं हसणं थांबलं. “बसायची जागा पण घेतलीत,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

घरी आई बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसली होती, स्वयंपाकघराकडे पाठ करून. स्वयंपाकाच्या बाई आवरून गेलेल्या. तिनं पिशवीही खाली ठेवली नाही, चपला तेवढ्या भिरकावल्या, तडक आत गेली आणि फळीखालच्या भिंतीवर तळहात फिरवला. नव्या रंगाखाली बोटांना उंचवटा लागला. मग दुसरा. जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं, वीतभर खाली, दोन्ही बाजूंना बरोब्बर समोरासमोर. सुतारानं फळी नव्या फरशीच्या ओळीशी जुळावी म्हणून वर घेतली असणार. दिसायला छानच दिसत होती. वर्षभर रोज ती ह्या भिंतीसमोर उभी राहून चहा करत होती. तिला एकदम रडू फुटलं, पण ते रडण्यासारखं नव्हतं, ओरडण्यासारखं होतं. ती दारात येऊन म्हणाली, “आई, फळी वर गेलीय.” आईनं मान वळवली. थट्टा चाललीय का ह्याचा अंदाज घेतला. “वीतभर वर गेलीय, खरंच, आत्ता बघितलं मी. तू बरोबर होतीस.” आई म्हणाली, “मला कशाला सांगतेस? मला ठाऊकच होतं.” ती पुन्हा पुढे वळून बसली. मग म्हणाली, “ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना सांग.”

तिनं आधी भावाला फोन लावला, आईच्या पुढ्यात, आवाज मोठा करून. भाऊ म्हणाला, अगं हो का, बरं बरं, पण तरी आता ह्या वयात तिनं गॅसपाशी, खबरदारी म्हणून, आणि तो शब्द ऐकल्याबरोबर ती फोनवर अशी कडाडली, की आईसुद्धा दचकली. लहानपणापासून मोठी म्हणून सगळं सोसत आलेली बहीण आज पहिल्यांदाच ओरडत होती. मग तिनं सरांना फोन लावला. सही मिळणार नाही, ती म्हणाली. मी आज विहीर मोजलीय, दोन बोटांचा फरक आहे, तो दर वर्षी असतो. हे मी गल्लीत सांगून आलेय, उद्या अध्यक्षबाईंना सांगणार आहे, आणि ज्या परिषदेत टाळ्या घेतल्या तिथंही लिहून कळवणार आहे. ती गाळलेली विहीर बरोबर होती, हेसुद्धा. “बरोबर आहे तुझं,” सर म्हणाले. “पण मग आम्हाला दुसरं पाणी बघावं लागेल.” बघा, ती म्हणाली. नवं माणूस शोधा, त्याला गल्ली दाखवा, तोवर झाकणं पालथीच राहतील, मांजराची सोय झालीय. ठेवते. तिनं फोन ठेवला. उद्या सकाळी आपण कुठं जाणार आहोत, कुठल्या दारातून आत जायचं आणि आत कोण काय हाक मारेल, हे तिला कळेना.

मग तिनं हत्यारांची पेटी काढली. “उद्या सुताराला बोलाव,” आई म्हणाली. “आत्ता,” ती म्हणाली, “ह्याला कुणाची मंजुरी लागत नाही.” डबे उतरवून ओट्यावर ठेवले, फळी सोडवली, स्क्रू दातांत धरले, नव्या रंगाला पेचकस खुपसून जुनी भोकं मोकळी केली. रंगाचे पापुद्रे केसांत पडत होते. फळीला धरणारे लोखंडी कोन एकदा खाली निसटून पायावर पडले तेव्हा तिनं एक शिवी हासडली, आणि दारातून आई म्हणाली, “अगं, जरा हळू.” आई दारात येऊन उभी होती. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. वर्षभराची सवय. फळी बसली, जराशी तिरकी, पण बसली. तिनं साखरेचा डबा उचलून जुन्या जागी ठेवला आणि बाजूला झाली. “ये,” ती म्हणाली. आई आत आली. फळीकडे न बघता तिनं हात वर केला, जसा आयुष्यभर करायची तसा, आणि बोटं डब्याच्या बुडाला लागली, पण डबा हाती येईना. तिनं टाचा उंचावल्या. ती मदतीला पुढं झाली तशी आईनं दुसऱ्या हातानं तिला थांबवलं. टाचा खाली टेकवल्या. हात तसाच वर, डब्याला लागलेला. मग आईनं फळीच्या खाली दोन बोटं आडवी धरली.

“एवढी अजून खाली घे,” आई म्हणाली.

“अगं, पण ही जुन्याच जागी आहे. अजून खाली घ्यायची तर नवी भोकं पाडावी लागतील.”

“मग पाड की. एवढ्या दिवसांत मीही थोडी उतरले असेनच.”